धागा : सर्जनशील व्यवसायातली रोजची हमाली

शाईचा_डाग

चांगली कलाकृती स्वतःमागचे श्रम दिसू देत नाही, आणि ते दिसले की आपणच तिला ‘ओढूनताणून केलेली’ म्हणतो. कादंबरी वाचताना खोडलेली पाने दिसत नाहीत, मैफलीत सकाळचा रियाज ऐकू येत नाही, चित्रासमोर उभे राहिल्यावर त्याखाली पुसून टाकलेल्या तीन रचनांची कल्पनाही येत नाही. रसिकाच्या दृष्टीने यात काही वावगे नाही, कारण घामाचा हिशेब ठेवणे हे त्याचे कामच नव्हे. पंचाईत होते ती या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांची. त्यांनी आजवर केवळ पुरे झालेले काम पाहिलेले असते. त्यामुळे ते आपला पहिला खर्डा दुसऱ्याच्या दहाव्या खर्ड्याशेजारी ठेवतात आणि ‘हे काही आपल्या अंगात नाही’ असे म्हणून मोकळे होतात.

अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. ते टपाल खात्यात वरच्या पदावर नोकरी करत होते आणि १८६७ मध्ये राजीनामा देईपर्यंत त्यांनी नोकरी आणि लेखन दोन्ही सांभाळले. पहाटे साडेपाचला मेजाशी बसायचे, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लिखाण वाचण्यात घालवायचा, मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द या गतीने साडेआठपर्यंत लिहायचे आणि त्यानंतर दिवसाच्या इतर कामाला लागायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. एकूण ४७ कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. १८८२ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, ज्यात हा सारा हिशेब त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता मांडला होता. जोडे शिवणारा कारागीर जसा एक जोड संपला की लगेच दुसरा हाती घेतो तसेच कादंबरीकाराने करावे, हेही त्यांनी लिहून ठेवले. या प्रांजळपणाची त्यांना चांगलीच किंमत मोजावी लागली, कारण आत्मचरित्रानंतर त्यांच्या साहित्यिक प्रतिष्ठेला दीर्घकाळ उतरती कळा लागली. कादंबऱ्या त्याच, त्यांतले एक अक्षरही बदललेले नाही. पण त्या घड्याळ लावून लिहिल्या हे कळताच त्या अनेकांना कमअस्सल वाटू लागल्या.

मला हा धागा काढावासा वाटला तो या प्रतिक्रियेमुळे. कष्ट हे प्रतिभेला घातलेले कुंपण आहे, किंवा ज्याच्याजवळ प्रतिभा कमी त्याने ती उणीव कष्टाने भरून काढावी, अशी एक समजूत आपल्या बोलण्यात फार खोल रुजलेली आहे. माझा अनुभव आणि वाचन दोन्ही याच्या उलट सांगतात. ज्याला आपण सुचणे म्हणतो ते बहुतेक वेळा काम चालू असतानाच, तेही तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात, हाताला लागते. हात थांबलेला असताना सुचलेले कागदावर आले की निम्मे गळून पडते. प्रत्येक क्षेत्रात हे असेच असेल असा माझा आग्रह नाही, म्हणूनच विचारते आहे. तुमच्या क्षेत्रात दिवसाचे काम प्रत्यक्षात कशाचे असते? यशोगाथा नकोत, त्या वाचायला इतरत्र भरपूर मिळतात. सामान्य दिवसाविषयी, म्हणजे काही विशेष न घडलेल्या दिवसाविषयी लिहावे ही विनंती.

तिरकिट

धागा आवडला. मी तबला वाजवतो आणि शिकवतोही, म्हणून सामान्य दिवसाविषयीच लिहितो.

दिल्ली बाजाचा, म्हणजे दिल्लीच्या वादनशैलीचा, ‘धा धा तिट धा धा तूना’ हा कायदा (ठरावीक बोलांची, विस्तार करण्याजोगी रचना) विद्यार्थी अगदी सुरुवातीच्या काळात शिकतात. बोल पाठ व्हायला वेळ लागत नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते, कारण पाठ झालेली गोष्ट आली असे वाटते. यातला ‘ति’ मधल्या बोटाने आणि ‘ट’ तर्जनीने शाईवर, म्हणजे तबल्याच्या मधल्या काळ्या भागावर, वाजतो. विलंबित लयीत दोन्ही अक्षरे स्वच्छ ऐकू येतात. दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, गेले की दोहोंपैकी एक गिळले जाते, आणि वाजवणाऱ्याला ते कळतही नाही, कारण त्याच्या मनात बोल पूर्ण चालू असतो. कानाला जे ऐकू येते ते आणि मनात जे चालले आहे ते यांतले अंतर ओळखायला शिकणे, हाच माझ्या मते रियाजाचा पहिला आणि बराच मोठा भाग आहे. ते ओळखले की उपाय एकच असतो : लय खाली आणायची, दोन्ही आघातांचे वजन सारखे होईपर्यंत तेवढेच वाजवायचे, मग लय केसभर वाढवायची आणि पुन्हा ऐकायचे. बाहेरून ऐकणाऱ्याला हे इतके कंटाळवाणे वाटते की घरातली माणसे दार लावून घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

इथे कोणीतरी ‘१०,००० तास सराव केला की माणूस निष्णात होतो’ हा दाखला देईल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मानसशास्त्रज्ञ आंडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत पुढे असलेल्या गटाचा एकट्याने केलेला सराव विसाव्या वर्षापर्यंत सरासरी १०,००० तासांच्या पुढे गेलेला होता, एवढेच त्यात होते. ती सरासरी होती. त्या गटातल्या अनेकांनी त्याहून कमी सराव केला होता. पुढे लोकप्रिय पुस्तकांतून तिचा नियम झाला आणि एरिक्सन यांनीच त्याला हरकत घेतली. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या दोन गोष्टी मात्र फारशा कोणी सांगत नाही : हे विद्यार्थी सलग बसत नव्हते, त्यांचा सराव मध्ये विश्रांती घेऊन साधारण तासा-दीड तासाच्या बैठकांत विभागलेला होता, आणि मागे असलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा ते झोपही जास्त घेत होते. २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा संगीतातील कामगिरीतला सुमारे २१ टक्के फरक सरावाने स्पष्ट होतो असे दिसले. हा आकडा लहान नाही, पण तासांची गोळाबेरीज म्हणजेच कला, असे मानणाऱ्यांनी तो एकदा नजरेखालून घालावा.

कोरा_कागद

शाईचा_डाग, तुमचा लेख वाचनीय आहे, परंतु तुम्ही निवडलेले उदाहरण तुमच्या मताला सोयीचे आहे. ट्रॉलप यांच्या ४७ कादंबऱ्यांपैकी आज किती वाचल्या जातात, हा प्रश्न बाजूला ठेवू. जर्मन भाषेत लिहिणारे लेखक फ्रान्त्स काफ्का यांनी १९१२ च्या सप्टेंबरमध्ये, २२ आणि २३ तारखांच्या मधल्या एका रात्री, दहा वाजता बसून सकाळी सहापर्यंत एक अखंड कथा लिहून काढली, आणि लिहायचे तर असेच, असे त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले. त्या रात्रीत घड्याळ लावून बसण्याचा काय संबंध? नियमित काम करणारे लाखो आहेत. त्यांच्यातून काफ्का निघत नाहीत. कष्टाचे इतके कौतुक होऊ लागले आहे की सामान्य दर्जाच्या उद्योगी लेखकाला आपण श्रेष्ठ समजू लागलो आहोत, अशी मला रास्त भीती वाटते.

खाडाखोड

कोरा_कागद यांची भीती अनाठायी नाही, पण त्यांच्याच उदाहरणाकडे थोडे निरखून पाहावे असे सुचवतो. काफ्का प्रागमधील कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ पासून नोकरीला होते, आणि ज्या रोजनिशीत त्यांनी त्या रात्रीची नोंद केली ती रोजनिशी तोवर काही वर्षे चालू होती. तिच्यात अर्धवट सोडलेल्या कथा आहेत, एकाच प्रसंगाची पुन्हा पुन्हा केलेली सुरुवात आहे, आणि आज काहीच लिहून झाले नाही अशी हताश वाक्येही आहेत. ती एक रात्र या सगळ्याच्या शेजारी ठेवून वाचली तर ती आकाशातून पडलेली वाटत नाही. शिवाय अशा रात्री मागून मिळत नाहीत. त्यांच्या तिन्ही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. आजारपण, नोकरी आणि स्वभाव यांपैकी कशाला किती दोष द्यायचा हे ठरवणे कठीण आहे, पण एका झपाट्यात लिहिण्याची पद्धत कथेला साधली आणि कादंबरीला पुरली नाही, एवढे म्हणता येईल असे मला वाटते.

मी संपादनाचे काम करतो, त्यामुळे माझा सगळा दिवस दुसऱ्या खर्ड्यापासून पुढेच असतो. पुनर्लेखन म्हणजे शब्द गुळगुळीत करणे, असा गैरसमज आहे, म्हणून एक लहानसा नमुना देतो. समजा खर्ड्यात असे वाक्य आहे : “मी येणार नाही,” ती रागाने म्हणाली. यातला ‘रागाने’ हा शब्द संपादक खोडतो, कारण राग वाचकाला जाणवायला हवा, तो सांगायला लागू नये. पण शब्द खोडल्यावर उरलेले वाक्य दमलेल्या बाईचेही असू शकते. मग लेखक ते बदलून “तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली, असे करतो. आता राग आला, आणि तो दाबलेला आहे हेही आले. मात्र दोन परिच्छेद आधी तिने चपला घातल्या होत्या, आणि पुढे न जाणारी बाई चपला घालून का उभी आहे हा प्रश्न उभा राहतो. मग एक तर चपला काढायच्या, नाहीतर तिने त्या घालून पुन्हा काढल्या हे दाखवायचे. हा दुसरा पर्याय मूळ वाक्यापेक्षा कितीतरी चांगला असतो आणि वाचकाच्या लक्षात राहतो तोच, पण तो पहिल्या खर्ड्यात कोणालाही सुचलेला नव्हता. एक क्रियाविशेषण खोडल्यामुळे तो पदरात पडला. धागाकर्तीने ‘तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात हाताला लागते’ असे जे लिहिले आहे, त्याचा अर्थ मी तरी असा लावतो.

अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९५८ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत सांगितले होते की १९२९ च्या आपल्या युद्धविषयक कादंबरीचा शेवट त्यांनी ३९ वेळा लिहिला. पुढे हस्तलिखिते तपासून २०१२ मध्ये जी आवृत्ती निघाली तिच्यात ४७ पर्याय दिलेले आहेत. यातले काही तर एक-दोन ओळींचे आहेत.

रेघोटी

मी चित्रकार आहे, मुख्यतः मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. वरचे सगळे प्रतिसाद मनापासून पटले, पण ते सारे कलेच्या आतल्या कष्टांविषयी आहेत. माझ्या दिवसाचा निम्म्याहून अधिक भाग ज्या कामात जातो त्याला कला म्हणायला कोणीच तयार होणार नाही, आणि व्यवसाय टिकतो की बुडतो हे मात्र त्यावरच ठरते.

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते, कारण छापखान्यात मोठ्या कागदावर पाने एकत्र छापून घडी घालतात आणि अशी एक घडी साधारणपणे १६ पानांची होते. म्हणजे गोष्ट ३० पानांत मावो वा ३५ मागो, ती ३२ मध्येच बसवायची, आणि त्यातून शीर्षकपान, श्रेयपान वगैरे वजा करायची. छपाईनंतर कागद कापला जातो तेव्हा सुरी एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी पांढरी कड दिसू नये म्हणून पानाच्या कडेपर्यंत जाणारे प्रत्येक चित्र चोहोबाजूंनी साधारण ३ मिलिमीटर जास्त काढावे लागते, ज्याला आम्ही ब्लीड म्हणतो. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात कोणाचा चेहरा नेमका शिवणीत जात नाही ना, हे पाहावे लागते. पडद्यावर झगमगणारा निळसर हिरवा रंग चार शाईंच्या छपाईत मळकट उतरतो, म्हणून तो आधीच बदलून घ्यावा लागतो. त्याशिवाय सातत्याचे काम असतेच : मुलीच्या फ्रॉकला चौथ्या पानावर तीन गुंड्या असतील तर एकोणिसाव्या पानावर त्या चार होता कामा नयेत, आणि लहान वाचकांच्या नजरेतून असली चूक कधीही सुटत नाही. यासाठी प्रत्येक पात्राचा मी एक तक्ता करते, ज्यात ते समोरून, बाजूने, पाठमोरे, बसलेले आणि धावणारे असे काढलेले असते. हा तक्ता पुस्तकात कुठेही छापला जात नाही.

मग येतो पत्रव्यवहार. कामाची चौकशी आली की पाने किती, चित्रे किती, हक्क कायमचे हवेत की ठरावीक मुदतीपुरते, मुद्रित आवृत्तीपुरते की इतर माध्यमांसाठीही, मूळ चित्रे कोणाकडे राहणार, पैसे किती टप्प्यांत मिळणार, हे सगळे काम सुरू होण्याआधी लेखी विचारायचे. ‘आपलेच लोक आहेत, बोलून ठरवू’ हे वाक्य ऐकले की मी अधिकच काळजीपूर्वक लिहिते. एका प्रकाशनसंस्थेने माझी चित्रे पुस्तक संपल्यावर जाहिरातीच्या फलकांसाठी वापरली आणि करारात तसा उल्लेख नसल्याने वेगळे मानधन देण्याचे टाळले; तेव्हापासून ‘इतर माध्यमे’ हा मुद्दा माझ्या पत्रात पहिल्या परिच्छेदात असतो. बिल पाठवणे, त्याची आठवण करून देणे, आठवणीची आठवण करून देणे, धारिकांना तारखेनिशी नावे देऊन दोन ठिकाणी जतन करणे, खर्चाच्या पावत्या सांभाळणे, यांपैकी एकही गोष्ट चित्रकलेच्या वर्गात कोणी शिकवत नाही.

आणि शरीर. मान, मनगट आणि डोळे ही आमची अवजारे आहेत, पण पेन्सिलीला टोक काढणारा माणूस मनगटाला विश्रांती देण्याचे मात्र विसरतो. यावर एक स्वतंत्र धागा निघू शकेल.

उंबरठा

शाईचा_डाग यांनी ट्रॉलप यांचा शिरस्ता सांगितला, पण त्यातला एक माणूस राहून गेला. त्यांना रोज पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी घोड्यांची देखभाल करणारा एक म्हातारा नोकर होता, आणि या जादा कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड मिळत. ट्रॉलप यांचा मोठेपणा असा की आत्मचरित्रात त्यांनी याची नोंद केली आणि आपल्या यशाचे ऋण इतर कोणाहीपेक्षा कदाचित या माणसाचेच अधिक असेल, अशा अर्थाचे लिहिले. बहुतेक कलावंतांच्या चरित्रांत ही व्यक्ती सापडत नाही, आणि ती बहुतेक वेळा पगारीही नसते.

रोज ठरलेल्या वेळी बसावे, हा उपदेश ज्यांची वेळ त्यांच्या ताब्यात आहे त्यांना करणे सोपे आहे. ज्या घरात लहान मूल आहे, आजारी माणूस आहे किंवा पाळी बदलणारी नोकरी आहे, तिथे ‘ठरलेली वेळ’ ही दुसऱ्या कोणीतरी आपले काम अंगावर घेतल्याशिवाय जन्मालाच येत नाही. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, घटस्फोटानंतर दोन मुलांना एकट्याने वाढवत होत्या, आणि मुले जागी होण्याआधीच्या पहाटेच्या वेळात लिहीत होत्या. पहिली कादंबरी १९७० मध्ये आली तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशी उलटलेली होती. नोबेल १९९३ मध्ये मिळाले. ही हकिकत सांगून ‘बघा, इच्छा असेल तर जमते’ असे म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा मी त्यांना विचारते, की ज्या स्त्रिया तितक्याच प्रतिभावान होत्या पण पहाटे उठण्याइतकी ताकद ज्यांच्या अंगात उरत नव्हती, त्यांची पुस्तके कोणत्या कपाटात ठेवली आहेत?

त्यामुळे रोजच्या कष्टांची चर्चा करताना त्या कष्टांसाठी लागणारा रिकामा वेळ कोण तयार करतो, हेही मोजले पाहिजे. चार लोकांनी मिळून एकमेकांची मुले आठवड्यातून एकेक दुपार सांभाळण्याची साधी व्यवस्था मी पाहिलेली आहे, आणि तिच्यातून झालेले काम कोणत्याही प्रेरणादायी भाषणातून झालेल्या कामापेक्षा जास्त होते.

शाईचा_डाग

उंबरठा, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. आभार. कोरा_कागद, उद्योगी आणि सामान्य लेखकाविषयीची तुमची भीती मला मान्य आहे. नियमितपणा दर्जाची हमी देत नाही. तो देतो ती फक्त संधी, आणि अनियमित माणसाला ती कमी वेळा मिळते, इतकेच मी म्हणेन.

चोविसावी_चौकट

हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनचे गणित इथे सांगण्यासारखे आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) जातात. खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी एक चित्र बहुधा दोन चौकटींना वापरतात, तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रे होतात, तीही पडद्यावर एकच पात्र हलत असेल तर. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतले कळीचे क्षण काढतो आणि मधली चित्रे भरण्याचे काम दुसऱ्यांकडे जाते. मी या मधल्या चित्रांपासून सुरुवात केली. हात वर जाताना त्याची गती शेवटाकडे मंदावते, म्हणून मधली चित्रे समान अंतरावर काढून चालत नाही. ती शेवटाकडे दाटीने यावी लागतात, नाहीतर पात्र यंत्रासारखे हलते. ही दाटी किती असावी याचा अंदाज दुसऱ्याच्या कळीच्या चित्रांच्या मधल्या जागा भरून भरूनच येतो. हे काम कनिष्ठ मानले जाते, पण हालचालीची समज मला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने आली असती असे वाटत नाही.

पोटापाण्याच्या नोकरीविषयीही थोडे. संगीतकार फिलिप ग्लास यांची पाच तासांची ऑपेरा १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाली, आणि त्यानंतरही ते टॅक्सी चालवत राहिले. त्याआधी ते नळजोडणीची कामेही करत. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण १९५२ मध्ये सुरू केले तेव्हा ते जाहिरात कंपनीत नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण करत. काशफुलांच्या शेतातला प्रसंग एका रविवारी अर्धा झाला. पुढच्या खेपेला जाऊन पाहतात तो गुरांनी सगळी फुले फस्त केलेली. तो प्रसंग पुरा करण्यासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावे लागले, आणि चित्रपट १९५५ मध्ये आला. नोकरी करत असलेल्यांना ‘पूर्णवेळ झोकून द्या’ असा सल्ला देणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

नवखा

सर्वांचे मनापासून आभार. मी या क्षेत्रात अजून पाऊलच टाकतो आहे, म्हणून दोन प्रश्न विचारण्याचे धाडस करतो. पहिला तिरकिट आणि धागाकर्तीला : आपण करतो ते कष्ट उपयोगाचे आहेत की नुसतीच घोकंपट्टी चालली आहे, हे करत असताना कसे ओळखावे? दुसरा रेघोटी यांना : चित्रांत ग्राहक किती वेळा बदल सुचवू शकतो, हे आधी कसे ठरवावे? माझ्या पहिल्याच कामात बदल संपायचे नावच घेत नाहीत.

तिरकिट

बसण्याआधी ‘आज नेमके काय दुरुस्त करायचे आहे’ याचे एका वाक्यात उत्तर देता आले पाहिजे. ‘कायद्याचा रियाज’ हे उत्तर नव्हे. ‘दुगुणीत दुसऱ्या तिटमधला ट ऐकू आला पाहिजे’ हे उत्तर. वाजवलेले ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, त्याच दिवशी ऐकले तर कान अजून हाताची बाजू घेत असतो. आणि तीच चूक लागोपाठ होऊ लागली की थांबावे, कारण त्यानंतर जो पक्का होतो तो चुकीचाच रियाज असतो. गुरू समोर असणे याला अर्थातच पर्याय नाही.

शाईचा_डाग

लेखनात हे ओळखणे जास्त कठीण, कारण इथे चूक ऐकू येत नाही. मी स्वतः एकच कसोटी लावते : पुनर्लेखनात फक्त शब्द बदलत असतील आणि प्रसंग, क्रम, पात्राचा निर्णय यांपैकी काहीच हलत नसेल, तर मी मजकुराला नुसती रंगसफेदी करते आहे असे समजून ते पान बाजूला ठेवते आणि ज्या जागेला हात लावायची भीती वाटते तिथे जाते. हेमिंग्वे यांचा उल्लेख वर आलाच आहे, तर त्यांची आणखी एक सवय सांगते. पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच ते दिवसाचे लिखाण थांबवत, म्हणजे दुसऱ्या दिवशी रिकाम्या पानापुढे बसायची वेळ येत नसे. नवख्या लेखकाला ही सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घेता येते, तिच्यासाठी कसलीही तयारी लागत नाही.

रेघोटी

नवखा, बदलांना टप्प्यांनी बांधून घ्या. कच्च्या रेखाटनावर दोन फेऱ्या, रंगवलेल्या चित्रावर एक, आणि तीही रंग किंवा तपशील यांपुरती; रंगवल्यानंतर रचना बदलायची असल्यास ते नवे चित्र धरून त्याचे मानधन वेगळे, हे कामाच्या पहिल्याच पत्रात लिहा. दुसरी अट याहून महत्त्वाची आहे : सूचना एकाच व्यक्तीकडून, एकत्र आणि लेखी याव्यात. लेखक, संपादक आणि विक्री विभाग यांनी वेगवेगळ्या दिवशी तोंडी सांगितलेल्या सूचना एकमेकींना छेद देतात, आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम विनामूल्य तुमच्या गळ्यात पडते.

सध्याच्या कामात करार झालेला नसेल तर भांडू नका. आजवर झालेल्या बदलांची तारीखवार यादी करून ग्राहकाला सविनय पाठवा, आणि शेवटची फेरी कोणती हे त्यांनाच ठरवून लेखी कळवायला सांगा. बहुतेक वेळा यादीची लांबी पाहूनच पुढची सूचना आवरती घेतली जाते. न घेतल्यास यादी इथे टाका, नावे वगळून. पुढचे पत्र मिळून लिहू.